वैजंताताईंनी भिकनभाऊंना बोलावलं तेव्हा

वैजंताताईंच्या खोलीतली लाइट जाऊन तीन दिवस झाले होते. सुरतच्या उधन्यातली आमची पत्र्याची चाळ, साल शहाण्णव किंवा सत्त्याण्णव असेल... त्यांच्या खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. भर दुपारी बल्ब लावावा लागायचा.

वैजंताताई घरीच साड्यांना टिकल्या लावायचं काम करत. घरमालक रोज "उद्या माणूस पाठवतो" म्हणायचा आणि साड्या तशाच पडून होत्या.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. म्हणाल्या, "जाय, भिकनले बलाई लय."

मी जालन्याकडची, लग्न होऊन दोन वर्षांपूर्वी सुरतला आलेली. त्यांची अहिराणी एव्हाना मला समजायला लागली होती. तरी वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं...

कारण त्यांचा नवरा भिकनभाऊंच्या हातूनच गेला होता.

भिकनभाऊ आमच्याच चाळीत, शेवटच्या खोलीत राहायचे. लूमच्या कारखान्यात वायरमन होते. युवराजभाऊ, म्हणजे वैजंताताईंचे मालक, त्याच कारखान्यात माग चालवायचे. दोघं एका गावचे, एकाच वर्षी सुरतला आलेले.

वर्षापूर्वी एका दुपारी कारखान्यातली एक लाइन बंद पडली. भिकनभाऊंनी त्या लाइनचा मेन स्विच बंद केला आणि वायर जोडली. ती वर धरून ठेवायला युवराजभाऊ शिडीवर चढले होते. शेठ मागे उभा राहून "चालू कर, चालू कर" करत होता. शेजारच्या लूमचा आवाज एवढा, की बोललेलं ऐकू येत नव्हतं... भिकनभाऊंना वाटलं, युवराज उतरला. त्यांनी स्विच वर केला.

बस्स. एवढंच झालं होतं.

पोलिसांनी भिकनभाऊंना दोन दिवस बसवून ठेवलं, मग अपघात म्हणून सोडून दिलं. त्यांनी वायरमनचं काम टाकलं ते टाकलंच. कापड मार्केटमध्ये पाठीवर गठ्ठे वाहायला लागले. चाळीत कुणी त्यांना वाईट बोललं नाही... पण कुणी बोललंच नाही. मीसुद्धा. नळावर ते दिसले की मी हंडा घेऊन मागे फिरायची.

तर त्या रविवारी मी त्यांच्या दारात गेले. ते खाटेवर बसले होते. म्हटलं, "भाऊ, वैजंताताईंनी बोलावलंय. त्यांच्याकडची लाइट गेलीय."

त्यांनी विचारलं, "तिनं सोता सांगितलं?"

"हो."

त्यांनी खाटेखालून एक डबा ओढला आणि पक्कड, टेस्टर काढून खिशात घातलं. खिशात घालताना टेस्टर दोनदा खाली पडला.

वैजंताताईंच्या उंबऱ्याबाहेरच ते थांबले. "वहिनी, मी हे काम सोडी दिधं..."

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या आणि बाहेर चाळीच्या बोळात, सगळ्यांचा मेन स्विच होता तिथे गेल्या. दांडी खाली ओढली. आणि तिच्यावर तळहात दाबून उभ्या राहिल्या.

"चढ. तू खाले येत नही तोपावत मी आठेच शे." ते उतरेपर्यंत त्या तिथून हलणार नव्हत्या.

सगळ्या चाळीचे पंखे बंद पडले. रविवारची सकाळ, घरोघरी टीव्हीवर मालिका चालू... लोक ओरडतच बाहेर आले, "अरे कोणी बंद केली?" आणि स्विचवर कुणाचा हात आहे ते बघून जिथल्या तिथे थांबले.

भिकनभाऊ स्टुलावर चढले. जळालेला तुकडा कापून नवी वायर जोडायची, दहा मिनिटांचं काम. त्यांना अर्धा तास लागला. वर तोंड करून ते रडत होते, डोळे पुसायला हात मोकळे नव्हते... मी स्टूल धरून उभी होते, मलाही वर बघवेना.

बोळात उन्हाने पत्रा तापला होता. वैजंताताई घामाने निथळत होत्या. कुणीतरी म्हणालं, "ताई, सरका, मी धरतो." त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

शेवटी भिकनभाऊ बाहेर आले. "उतरनू, वहिनी."

वैजंताताईंनी वळून त्यांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय जमिनीवर आहेत, हे नीट पाहिलं. मग दांडी वर केली.

खोलीत बल्ब लागला. वैजंताताई आत गेल्या, साडी मांडीवर घेतली, एक टिकली उचलली... आणि मग मोठ्याने रडायला लागल्या. युवराजभाऊ गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. भिकनभाऊ उंबऱ्यावरच बसून राहिले. जाता येईना, थांबता येईना.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. भिकनभाऊ परत कारखान्यात कधीच गेले नाहीत. दीड-दोन वर्षांनी सुरत सोडून गावी निघून गेले. वैजंताताई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायच्या.

खूप वर्षांनी मी त्यांना विचारलं, "ताई, तुम्ही त्यांना माफ केलं होतं का?"

त्या म्हणाल्या, "माफ करं का नही, माले आज बी समजत नही. पन आठेच राहनं व्हतं ना आम्हले... दोन्हीसले."

माझं तर काहीच गेलं नव्हतं. तरी वर्षभर मी त्या माणसाला बघून तोंड फिरवत होते, आणि त्यालाच मी चांगुलपणा समजत होते... वैजंताताईंनी मला त्या सकाळी भिकनभाऊंकडे पाठवलं नसतं, तर मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नसते. पाठवलंत, ताई, बरं केलंत.