कराड स्टेशनपर्यंत

सुट्टी संपवून निघालेल्या माणसाला पोचवायला आमच्या घरातल्या बायका जात नाहीत. आई दारात हातावर दही घालणार, पप्पा ‘येतो’ म्हणणार आणि चुलत्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून कडेगावातून कराडच्या रस्त्याला लागणार. रडायचं ते मोटारसायकल वळल्यावर. मिलिटरीवाल्याच्या घरात असंच असतं, असं मला लहानपणापासून ऐकवलं गेलं आणि मला ते कधीच पटलं नाही. स्टेशनपर्यंतचा तो तासभर चुलत्यांना कशाला हवा होता? मला हवा होता. फार हवा होता.

म्हणून मी गाडी शिकायचं मनावर घेतलं. बाकीच्या पोरींना हौस असते म्हणे. मला हौस-बिस काही नव्हती.

माझं अठरावं सरलं आणि त्याच सुट्टीत पप्पांनी मिलिटरीच्या कॅन्टीनमधून सवलतीत पांढरी कार काढली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, “मी वर्सातनं दोन म्हैनं हितं. गाडी तुजीच.”

“आवं, पोरीच्या हातात?” आई म्हणाली.

“मग काय शोकेसात ठिवायची?”

ट्रॅक्टर मला येत होता. त्यामुळे कार म्हणजे किस झाड की पत्ती, अशा तोऱ्यात मी बसले आणि ऊस तुटलेल्या रानाकडेच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. ट्रॅक्टरवाल्याची मान सारखी मागे असते, नांगर नीट चाललाय का ते बघायला. मी कारमध्येही घडीघडीला मागे वळून बघत होते. वळताना तर ट्रॉली जोडल्यासारखा एवढा मोठा फेर घेतला, की समोरचा मोटारसायकलवाला थेट रानात घुसला. पप्पा घाबरले की हिंदीत ओरडायचे. “रुको! अरे, रुको!” मग जरा शांत होऊन म्हणायचे, “बाळा, मागं नांगर न्हाई. म्होरं बघ की.” मला लगेच राग यायचा. इंजिन बंद करून मी हाताची घडी घालून बसायचे आणि ते हसत उतरून बांधावर जाऊन बसायचे, माझा राग निवळेपर्यंत. तेव्हा कळलं नाही, पण मी फार सुखात होते.

सुट्टी संपता संपता लायसन हातात आलं. निघायच्या दिवशी आईनं दही घातलं, चुलत्यांनी मोटारसायकल काढली. मी आधीच स्टिअरिंगवर जाऊन बसले होते.

“उतर खाली,” आई म्हणाली.

“न्हाई उतरत.”

पप्पांनी दोघींकडे बघितलं, ट्रंक डिकीत टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. चुलत्यांनी मोटारसायकल परत आत लावली.

काय काय बोलायचं ते मी केव्हाचं ठरवून ठेवलं होतं. तिकडं आमची आठवण कधी येते, हे विचारायचं होतं. तुम्ही गेल्यावर घरात आठवडाभर कुणी मोठ्यानं बोलत नाही, हे सांगायचं होतं. पण रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, एकीमागे एक.

“हॉर्न दे.”

“दिलाय.”

“आता काढ. काढ, काढ! गिअर बदल.”

“व्हय.”

ट्रॉल्या जरा विरळ झाल्यावर मी मुद्दाम वेग कमी केला. पप्पांनी घड्याळ बघितलं. “जरा दाब की. रेल्वे चुकंल.”

मी दाबली आणि कराड आलं.

स्टेशनबाहेर ते उतरले, ट्रंक काढली आणि खिडकीशी वाकून माझ्याकडे बघत राहिले. आता बोलतील, असं वाटलं. मीही बोलणार होते.

“हँडब्रेक लाव,” म्हणाले आणि आत गेले.

एवढी भांडून मिळवलेली वाट आम्ही बापलेकींनी हॉर्न आणि गिअरवर संपवली. अजूनही कराडवरून जाताना वाटतं, आमचं स्टेशन मिरजेला असायला हवं होतं. तेवढ्या लांबच्या रस्त्यावर ट्रॉल्या कुठंतरी संपल्या असत्या.