पाळीचा ताप

शिळफाट्यावर टॅक्सी उभी होती आणि मला पोचवायला अर्धं गाव आलं होतं. मी पीएचडीला मेलबर्नला निघालो होतो. गावाच्या भाषेत, थंडीतापाची लस काढायला. बापाने बॅग डिकीत टाकली आणि सगळ्यांदेखत आईकडे बोट केलं. "हिनं पोर घालवली. तू जगाच्या पोरी राख." आई लोकांच्या मागे उभी होती. मी पाया पडायला वाकलो तेव्हा तिने पाय मागे घेतले.

पोर म्हणजे माझी धाकटी बहीण कुंदा, सहा वर्षांची. तिला पाळीचा ताप लागला होता: एक दिवसाआड, दुपारी, हुडहुडी भरून. मधल्या दिवशी पोरगी ठणठणीत, आईबरोबर शेतावर. आमच्या घरी अशा तापाची पाळी चुकवत. पाळीच्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आजाऱ्याला दुसऱ्याच्या घरी न्यायचं. ताप येतो, घर रिकामं बघतो, माघारी जातो. "कुटं चाललो ते बोलू नको रं," आई म्हणायची, "ताप आयकतो."

तिसऱ्या पाळीच्या आदल्या दिवशी मलेरियावाला आला. दारोदार फिरून तापकऱ्यांचं रक्त काचेवर घेणारा सरकारी माणूस. घरात मी एकटाच, दहा वर्षांचा. तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो. बहिणीला घरीच ठेवा. रक्त घेतो, गोळ्या देतो." मी मान डोलावली आणि आईला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोंगराखालच्या वाडीवर, आईच्या ओळखीच्या म्हातारीकडे जाणं रद्द झालं असतं आणि मला शाळेत जावं लागलं असतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

ताप वाडीवरही बरोब्बर वेळेवर आला. संध्याकाळी परतलो तर आमच्या भिंतीवर खडूने तारीख आणि 'घर बंद' असं लिहिलेलं. आईला वाचता येत नव्हतं. मी ओल्या हाताने ते पुसून टाकलं. पुढच्या पाळीला कुंदाला झटके आले आणि खालापूरच्या दवाखान्यात नेता नेता ती गेली. आजारी पोर वाडीवर नेलीच कशाला, हे बापाने आईला जन्मभर ऐकवलं. मी तिथेच बसून जेवत असायचो.

मेलबर्नला मी टी-पेशींवर, म्हणजे शरीरातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींवर, काम करतो. डास चावला की मलेरियाचा जंतू आधी यकृतात जातो, आठवडाभर गुपचूप राहतो, मग रक्तात उतरतो आणि ताप चढतो. टी-पेशींना लसीने आधीच शिकवून यकृतात मुक्कामाला ठेवायचं, म्हणजे जंतूला तिथेच गाठता येईल. तो येईल तेव्हा घरात कोणीतरी हजर हवं, एवढंच हे शास्त्र. उंदरांत आमची लस झकास चालली. माणसांत नाही चालली. वीस वर्षं झाली, ग्रँट संपली, माझ्या हाताखालची पोरं दुसऱ्या लॅबमध्ये पांगली, मी पुन्हा उंदरांकडे आलो. या विषयाकडे कसे वळलात, असं कोणी विचारलं की मी बहिणीचं सांगतो. लोक हळहळतात. मी अर्धंच सांगितलेलं असतं आणि मला माझीच किळस येते.

बाप गेला तेव्हा मी कसाबसा दहाव्याला पोचलो. आई आता भिसेगावात फ्लॅटमध्ये राहते. तेराव्यानंतर ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं: मलेरियावाला, शाळा, पुसलेला खडू. तिचा हात थांबला नाही. तिने ताट निवडून संपवलं. मग म्हणाली, "मला काय सांगतोस रं? तुज्या बापाला सांगायचं व्हतं. तो मला बोलत बोलत मेला."

गावाकडच्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, कधी येतोस? मी म्हणतो, काम अर्धं राहिलंय. ते खोटं आहे. माझ्यासारखे निघून आलेले इथले लोक म्हणतात, घर म्हणजे जिथं खरं बोलता येतं. मी बोललो, पण ज्याला ऐकवायचं होतं तो गेल्यावर. आता आईचे गुडघे गेलेत, तिला नीट ऐकू येत नाही. घर म्हणून मला ती एकटीच उरली आहे, आणि तिच्यासमोर जायची मला भीती वाटते.