मास्तरांच्या पेटीतल्या डांबरगोळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडले तरी दुसरंच काहीतरी पुटपुटते. तुला सांगते, कारण तू समोर नाहीस.

आमच्या घरात एक मेलेला माणूस नांदत होता. माझ्या सासऱ्यांचे पणजोबा. इंग्रजांच्या अमलात कोकणात शाळामास्तर होते, आणि शाळा सुटली की डोंगरात जाऊन झाडपाला गोळा करायचे. एकेक पान दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवलेलं, खाली बारीक अक्षरात नाव. ती पत्र्याची पेटी मामंजींनी पुण्याहून इथे परदेशात, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये आणली. स्वतःचे कपडे कमी केले, पण पेटी आणली. शेल्टरमध्ये, म्हणजे आमच्या सामानाच्या खोलीत, ती असायची. इथली हवा दमट, म्हणून आत डांबरगोळ्या.

मला त्या मास्तरांचा राग यायचा. अजून येतो. मेलेल्याचा कसला राग, म्हणशील? रोज त्याचं नाव घेऊन कुणी तुला मोजलं, तर येईल तुलाही. मी चौथी शिकलेली. पाहुणे आले की मामंजी पेटी उघडायचे, पानं दाखवायचे, आणि शेवटी माझ्याकडे बोट करायचे. "हा नमुना मात्र मास्तरांना सापडला नव्हता."

सगळे हसायचे. नवराही. मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणायची, "आजोबा, सो मीन ला," पण हसायची. मी वडे वाढत राहायची.

एकदा मामंजी काही महिने पुण्याला निघाले. जायच्या आधी माझ्यादेखत त्यांनी नव्या गोळ्या टाकल्या, झाकण घट्ट लावलं. ते गेल्यावर मी त्या काढल्या—माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवल्या—आणि झाकण नुसतं टेकवून ठेवलं. रागाच्या भरात पेटी फेकली असती तर निदान आवाज झाला असता. मी आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

पण हेही ते नव्हे. सांगायचं ते पुढेच आहे.

ते परत आले, पेटी उघडली. कसरीने कागदांची चाळण केली होती, पानांचा भुगा. मला वाटलं, ओरडतील. ते खाली बसले. म्हणाले, "मी गोळ्या टाकल्या होत्या ना गं? तू होतीस ना तिथे?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

मी म्हटलं, "नाही, मामंजी. विसरलात तुम्ही."

त्यानंतर ते गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा बघायला लागले. घराची किल्ली आपणहून माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. समुद्राकडे एकटे फिरायला जाणं सोडलं. नवऱ्याने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, डोकं ठणठणीत आहे. मामंजींना ते पटलं नाही. माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाले, "अरे, ती होती तिथे. ती बिचारी साधी. तिला कुठे खोटं बोलता येतं?"

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

मास्तरांच्या पानांचं मला आजही वाईट वाटत नाही. मामंजी गेले, ते आपलं डोकं बिघडलंय असं समजून गेले. माझ्या साड्यांना अजून एकही भोक पडलेलं नाही.