हाताला भरीव लागणारी डिस्क

"अहो भावजी, मी दोन वस्तू सांगितल्या होत्या. दोन! कागदावर लिहून दिल्या होत्या."

"वहिनी, दोन्हींचं काम एकात होत असेल तर दोन कशाला? सोळा टीबीची आहे. तुमचं अख्खं आयुष्य मावेल त्यात."

"मावलं ना! माणसाची चार मिनिटं मावली आणि पुढे सगळं काळं."

"एखादा पीस खराब निघतो हो. मी काय आत शिरून बघणार होतो?"

"आता बघा की. उघडूनच ठेवलीय."

वहिनीने ती डिस्क कटरने फोडून टेबलावर वर्तमानपत्रावर मांडली होती, मेलेली पाल उचलायला कुणी येईपर्यंत ठेवावी तशी. आत पिवळट डिंकाचे गोळे होते. डिंकात रुतलेलं, नखाएवढं, मोबाइलमध्ये घालतात तसलं, सोळा टीबीचं सोंग आणणारं एक साधं कार्ड होतं. आणि शेजारी लोखंडाचा एक तुकडा होता, निव्वळ वजनासाठी चिकटवलेला. खोलीत गोडसर, जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता. तिने बोटाचा डिंक तिसऱ्यांदा पुसला, तरी तो जाईना.

"हे लोखंड बघितलंत? आणल्या दिवशी काय म्हणाला होतात? 'हातात घेऊन बघा वहिनी, किती भरीव लागते!' हार्ड डिस्क घ्यायला गेला होतात की नारळ?"

भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर. लग्नकार्यांचं शूटिंग करणारा हा स्टुडिओ तिघांचा. नवरा कॅमेरा धरतो, भावजी गिऱ्हाईक आणि खरेदी बघतात, आणि वहिनी मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून एडिटिंग करते. सोळा वर्षं झाली. गल्लीतली तिच्याहून मोठी माणसंही तिला वहिनीच म्हणतात. तिला परक्या घरांतल्या मावश्या नुसत्या चालीवरून ओळखू येतात. कोण जेवताना कॅमेऱ्याकडे पाठ करतं, कोण जावेच्या शेजारी उभं राहायला नको म्हणून बुटाची नाडी बांधायला वाकतं, सगळं पाठ. बाजारात एखादी बाई समोर आली की वहिनी ओळखीचं हसते, आणि ती बाई गोंधळून पर्स घट्ट धरते.

तिने कागदावर लिहिलं होतं ते असं: काम करायला एक एसएसडी, लहान चालेल पण वेगवान, म्हणजे कापाकापी करताना चित्र अडकणार नाही. साठवायला एक मोठी, साधी, फिरणारी हार्ड डिस्क, माहितीतल्या दुकानातून, बिलासकट. भावजींनी तो कागद खिशात घातला आणि मोबाइलवर कुठल्याशा जाहिरातीतून ही भरीव वस्तू मागवली.

"मला किळस डिस्कची नाही येत," वहिनी म्हणाली. "तिचं काय, ती ज्यांनी केली ते चोरच. मला किळस येतेय ती तुम्ही सकाळपासून तिथे बसून जे शिजवताय त्याची."

"शिजवताय काय! मार्ग काढतोय मी. आजोबा अकराला येतायत."

आजोबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की जोडीदार वरचं मशीन सुरू करेपर्यंत हे दाराच्या फटीला तोंड लावून गोष्ट सांगत. माणसं घाबरायची थांबत. एक बाई म्हणे सुटका झाल्यावरही शेवट ऐकायला आतच उभी राहिली. त्याच गोष्टी सांगून त्यांनी मुलगी वाढवली. मग घशात गाठ निघाली, डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढावी लागेल असं सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात ते इथे आले आणि दोन दिवस बसून अकरा गोष्टी सांगून गेले. मुलीला आता मूल व्हायचं होतं, त्याच्यासाठी. मध्येच थांबायचे, "थांब, पाणी पितो" म्हणायचे, आणि बेडकाचा आवाज काढताना स्वतःच हसत सुटायचे. वहिनीने हेडफोनवर ऐकत ऐकत कॉपीला लावलं होतं.

आता त्यातली फक्त पहिल्या गोष्टीची चार मिनिटं उरली होती. आणि आजोबांच्या गळ्याला भोक होतं.

"तू कॅमेऱ्यातली कार्डं पुसलीस कशी पण?" भावजी एकदम भावावर उलटले.

नवरा कोपऱ्यात वायर गुंडाळत होता. वर न बघता म्हणाला, "ती 'आलं' म्हणाली."



हे खरं होतं. या घरात कॅमेऱ्याचं कार्ड कुणी आपल्या मनाने पुसत नाही. वहिनीने डिस्कवरची शेवटची फाइल शेवटापर्यंत चालवून बघायची, मग "आलं" म्हणायचं, मग नवऱ्याने कार्ड पुसायचं. नियम तिचाच. त्या दिवशी ती भिकारडी डिस्क गोगलगायीसारखी कॉपी करत होती. सबंध दुपार गेली. शेवटी वहिनीला फाइलींची नावं दिसली, आकडे दिसले, आणि कंटाळून ती दारातूनच म्हणाली, "आलं." दुसऱ्या दिवशी त्याच कार्डांवर एका शाळेचं गॅदरिंग चढलं.

"हो, म्हणाले," ती म्हणाली. "जीभ झडावी माझी, पण म्हणाले. तेच सांगणार मी त्यांना."

"काही सांगायचं नाही!" भावजी उठले. "ऐका तरी एकदा. चार मिनिटांवरून कॉम्प्युटरवर हुबेहूब आवाज तयार होतो हल्ली. गोष्टी मी लिहून काढल्या, आठवल्या तशा. बेडूकबिडूक सगळं आहे."

त्यांनी बटण दाबलं. स्पीकरमधून आजोबा बोलू लागले. तोच खर्ज, तीच किंचित घोगरी ओढ. फक्त हा माणूस कुठेच अडखळत नव्हता. त्याला पाणी लागत नव्हतं. बेडकाचा आवाज काढून तो हसला नाही, तसाच पुढे गेला.

डिंकाचं बोट वहिनीने पुन्हा साडीला पुसलं.

"बंद करा ते. मेलेल्या माणसाच्या तोंडात हात घालून जबडा हलवल्यासारखं वाटतंय."

"मेलेत कुठे? आणि मुलीला कळणार आहे का?"

"तिला जन्मापासून पाठ आहेत त्या गोष्टी, भावजी!"

बाहेरची घंटा वाजली.

आजोबा एकटेच आले होते. गळ्याला जाळीचा रुमाल, हातात लहानशी वही, पेन्सिल तिच्या दोऱ्याला बांधलेली. खुर्चीवर बसले आणि वहीत लिहून दाखवलं: 'झालं का?'

"झालंच की!" भावजी पुढे सरसावले. "फक्त एक तांत्रिक अडचण…"

"नाही झालं," वहिनी मध्ये आली. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. "आजोबा, तुमच्या गोष्टी गेल्या. डिस्क खोटी निघाली, ती आमची चूक. आणि मी न बघता 'आलं' म्हटलं, म्हणून कार्डं पुसली गेली, ती माझी चूक. पहिल्या गोष्टीची चार मिनिटं आहेत. बाकी कुठेच नाही. मी सगळीकडे शोधलं."

आजोबांची नजर टेबलावरच्या फोडलेल्या डिस्ककडे गेली. त्यांनी तो लोखंडाचा तुकडा उचलला, तळहातावर तोलला, आणि परत ठेवला. आयुष्यभर सुटे भाग पाहिलेल्या माणसाला तो कशाला होता हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"पण अगदीच गेलं असं नाही हो!" भावजींना राहवेना. "हे ऐका आधी. वहिनी उगाच घाबरवतात."

"भावजी, नको—"

पण बटण दाबलं गेलं होतं.

'एका उंच इमारतीत,' स्पीकर म्हणाला, 'एक बेडूक लिफ्टने वर निघाला.'

आजोबांचा हात गळ्याच्या रुमालाकडे गेला आणि तिथेच थांबला. ते ऐकत होते. न अडखळता, न थकता तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला, चौथ्या मजल्यापर्यंत गेला. वहिनीने वाकून भिंतीतला प्लग उपटला.

"कसा वाटतो?" भावजींनी हात चोळत विचारलं. "खरं सांगा, तुमचाच आहे की नाही?"

आजोबांनी वही उघडली. पेन्सिल कागदाला टेकवली. टोक तिथेच राहिलं, कागदावर एक बारीक ठिपका उमटला. मग त्यांनी वही मिटली, दोरा तिच्याभोवती गुंडाळला आणि खुर्ची मागे सारून उठले.

"आजोबा? अहो, हो-नाही काहीतरी लिहा ना!"

नवऱ्याने वायर खाली ठेवून त्यांना वाट करून दिली. दार उघडलं, आणि ते गेले.