पारोळ्याला मध्येच उतरलो तेव्हा

नव्वदीच्या सुरुवातीचा मे महिना. धुळ्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा एसी बंद पडला, म्हणून मी जळगावहून सकाळच्या एसटीने गेलो. बिघाड कॉन्टॅक्टरचा होता. कॉम्प्रेसरला वीज जोडणारा नि तोडणारा तो स्विच. त्याचे पॉइंट जळून गेले होते.

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्याला जेमतेम तीन महिने झाले होते. एवढं मोठं थ्री फेजचं मशीन एकट्याने उघडायची पहिलीच वेळ. मेन बंद केला, टेस्ट लॅम्प लावून दोनदा खात्री केली, वायरींना चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि नवा कॉन्टॅक्टर जोडला. एकच्या सुमारास थंड हवा आली. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं. चारला ऑपरेशन आहे."

परतीच्या एसटीत पारोळा जवळ आलं तसा मी मनातल्या मनात कॉन्टॅक्टरच्या वायरींचा एकेक स्क्रू पुन्हा आवळू लागलो. दोन नीट आठवले. तिसरा आवळत असताना सिस्टरने काहीतरी विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं, तेही आठवलं. पण स्क्रू? तो काही केल्या आठवेना. सैल राहिला तर तिथे वायर तापून जळते. डोळ्यावर सुरी चाललेली असताना कॉन्टॅक्टर पेटला तर!

पारोळ्याला उतरलो. स्टँडसमोरच्या बूथवरून दवाखान्याला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. समोर धुळ्याची गाडी लागली होती. धावत जाऊन चढलो.

साडेतीनला दवाखान्यात पोचलो. थिएटरबाहेरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. डोळ्यात औषध घातलेलं, पदर घट्ट धरलेला. माझी धापच त्यांनी ऐकली असावी.

"काय व्हयनं भाऊ? मशीन बिघडनं का? आज मना डोयानं आपरेशन शे."

"नाही आजी, एकदा बघून घेतो फक्त."

"माले भ्याव वाटस रे," त्या हळूच म्हणाल्या. भीती मलाही वाटत होती, पण त्यांना कसं सांगणार?

मेन बंद करून झाकण काढलं. तिसरा स्क्रू घट्ट होता! हुश्श म्हणणार, तेवढ्यात वितळलेल्या प्लास्टिकचा वास आला. वायर मी पुरती सोललीच नव्हती. स्क्रूखाली तांब्याऐवजी प्लास्टिकच दाबलं गेलं होतं. तांब्याच्या दोन-चार तारा तेवढ्या टेकलेल्या, आणि तेवढ्यावर मशीन अडीच तास चाललं होतं. वायर तपकिरी पडली होती.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. "आता काय?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "वायर नीट बसली नव्हती. दहा मिनिटं द्या."

ते घड्याळ बघत राहिले. मी जळका भाग कापला, वायर नव्याने सोलली, आवळली, ओढून पाहिली. बाकीच्या वायरीही ओढून पाहिल्या, त्यात दहाची वीस मिनिटं लागली. मेन टाकल्यावर कॉन्टॅक्टरने खट्‌कन पकड घेतली.

"ऑपरेशन होईपर्यंत इथून हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

मी पॅनलजवळ स्टूल घेऊन बसलो. दर खटक्याला जळका वास येतो का ते हुंगायचो. तासाभराने आजींना बाहेर आणलं, डोळ्यावर पांढरी पट्टी. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून 'नीट झालं' अशी नुसती मान डोलावली.