लेबलवर नसलेलं नाव

बारा माणसं जमल्याशिवाय बमबोट (बेटावर नेणारी प्रवासी होडी) धक्का सोडत नाही. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. भाची मंजिरी मला शहरातल्या तिच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधून पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला घेऊन निघाली होती. पाऊण तास ताटकळलो, तेव्हा कुठे होडी भरली.

बेटावर कांपोंगची (खेड्यातली) पत्र्याची घरं, लाल मातीचे रस्ते आणि भाड्याच्या सायकली. माझ्या सायकलची चेन दुसऱ्याच चढावर पडली. ढकलत परत आणली, तर दुकानाचे मालक, सत्तरीचे डेस्मंड चुआ, चेन बसवता बसवता गुणगुणायला लागले. मी चमकलो. हीच रेकॉर्ड पुण्यात माझ्या कपाटात आहे. रॉकबिली (गिटारच्या ठेक्यावरची धसमुसळी अमेरिकी गाणी) गाणाऱ्या इथल्या एका बड्या गायकाची. कडव्यात उचकी लागल्यासारखा आवाज तुटतो, आणि या गृहस्थांचा आवाज नेमका तिथेच तुटला.

"गाणं अगदी पाठ आहे तुम्हाला," मी म्हणालो.

"पाठ काय, माझंच आहे." त्यांनी हात पुसले. "मी स्टुडिओत वायरमन. सगळे हीरोची, म्हणजे त्या बड्या गायकाची, वाट बघत बसलेले. माइक जुळवायला कुणीतरी गायला हवं, म्हणून मला उभं केलं. घाबरून दम तुटला, ती ही उचकी. टेप चालूच होती. हीरो आला तो घसा बसलेला. कंपनीला माझंच आवडलं, नाव मात्र त्याचं छापलं. वायरमनचं गाणं कोण ऐकणार ला?" वाक्याच्या शेवटी 'ला' लावायची इथली सवय.

गाणं तुफान चाललं. हीरोने जन्मभर स्टेजवर त्यावर नुसते ओठ हलवले. आता तो गेला होता आणि शहरात तांजोंग पगारला त्याच्यावर प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या रेकॉर्डखाली एका ओळीत माझं नाव लावा, असं पत्र डेस्मंडअंकलनी पाठवलं होतं. साधी पोचही आली नव्हती.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन थेट प्रदर्शनात गेलो. मंजिरीचं ऑफिस शेजारीच, तीही आली. "मामा, आवाज चढवू नका. इथं ओरडणाऱ्याचीच चूक धरतात."

काउंटरवरची मुलगी गोड बोलली. "अंकल, पुराव्याचा काही पेपर आहे का? नाही? मग लेबलवर आहे तेच लावायला लागतं ला."

डेस्मंडअंकल तिथेच उभे राहून गायले. आवाज घोगरा झाला होता, पण त्या जागी बरोबर तुटला. मुलीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"छान," ती म्हणाली. "अगदी त्यांच्यासारखं गाता तुम्ही."

मी आवाज चढवला. खूप चढवला. मंजिरीने मला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि अंकल उलट माझीच समजूत घालत आम्हाला चिकन राइस खायला हॉकर सेंटरमध्ये (खाऊगल्लीत) घेऊन गेले.

पुण्याला परतलो तरी राग उतरला नाही. हे सगळं लिहून एका संपादकांकडे नेलं, तर त्यांनीही विचारलं, "काही कागद?" नाही, कागद नाही. म्हणून या वर्णनात त्या बड्या गायकाचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. ते पुष्कळ छापून झालं आहे. गाणं डेस्मंड चुआ यांनी गायलेलं आहे.