टाकीतलं शेवाळ आणि राहून गेलेला समुद्र

लग्न झालं तेव्हा मी बायकोला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. त्याला पंचवीस वर्षं झाली. नागभीडचं स्टेशन आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, गाडीत बसायचाच काय तो प्रश्न. पण मी पडलो कृषी सहायक. कधी धानाची रोवणी आली, कधी तुडतुड्याची कीड आली, कधी पंचनामे आले. धान वर्षातून एकदा येतं, माझ्याकडे कारणांचं पीक बारमाही.

शेवटी मी अक्कल लढवली आणि समुद्रच घरी आणला. नागपूरच्या दुकानातून काचेची टाकी, खाऱ्या पाण्यासाठी मिठाची बादली, दगड, दोन नारिंगी मासे आणि एका दगडाला चिकटलेलं बटणाएवढं प्रवाळ. ते रुळलं की फुलासारखं उघडतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मी बायकोला म्हणालो, "हे उघडलं की समज, तुझा समुद्र पाहून झाला."

ती "बरं" म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

पंधरा दिवसांत वाळूवर तपकिरी थर आला. नवीन टाकीत असं होतंच, असं मी तिला ऐटीत समजावलं. मग हिरवं शेवाळ आलं, केसांसारखं, बोटभर लांब. प्रवाळ त्यात गुदमरून मिटलेलंच राहिलं. मी दातांच्या ब्रशने दगड घासले. तीन दिवस टाकीचा दिवा बंद ठेवला. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या. त्या काचेच्या एका कोपऱ्यात जाऊन बसल्या, सरकारी नोकरीत लागल्यासारख्या. रोज सकाळी डोळे उघडले की आधी टाकीकडे धावायचो, आणि ती आदल्या दिवसापेक्षा हिरवी दिसायची. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. प्रवाळ मेलं असतं तर बायकोला दाखवायला माझ्याकडे दुसरा समुद्र नव्हता.

एकदा उन्हाने आटलेलं पाणी भरून काढायला मी विहिरीची बादली टाकीत ओतत होतो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"आपल्या मांगच्या विहिरीचं पाणी टाकता का जी?"

"मग कुठचं टाकू?"

"मंग होईनच न हिरवं. विहिरीले लागून बांधी आहे. बांधीत तुम्ही युरियाचे दोन पोते टाकले. मी एकच म्हणत होती."

घरामागची ती धानाची बांधी तीच सांभाळते. दुसरं पोतं माझ्या हट्टाचं होतं. कृषी सहायकाचं धान पिवळट दिसलं तर लोक काय म्हणतील, ही मला धास्ती.

"सभेत लोकायले सांगता, जास्तीचा युरिया पाण्यात उतरते म्हणून," ती म्हणाली. "मी मांग बसून आयकत होती. तुम्ही नाई आयकलं काय?"

मी चिडून पाणी तपासायची बाटली काढली. विहिरीचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी लाल झालं, खत उतरल्याची खूण. म्हणजे प्रत्येक बादलीबरोबर मी टाकीला इमानेइतबारे वरखत देत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणतात. माझा पाषाण कोरडासुद्धा नव्हता, त्यावर बोटभर शेवाळ होतं.

त्या दिवसापासून मी सायकलच्या कॅरिअरला बांधून आरओच्या पाण्याच्या कॅना आणू लागलो. प्यायलाही तेच. चौकातली माणसं विचारायची, "साहेब, लग्न हाये का घरी?" थोडं थोडं करून टाकीतलं पाणी बदललं. पुढच्या हंगामात बांधीत एकच पोतं टाकलं. धान शेजाऱ्यांपेक्षा जरा फिकट दिसलं, आणि कोणी काही म्हणालं नाही. माझ्या धानाकडे कोणी बघतच नव्हतं.

दोन महिन्यांनी एका सकाळी दगड स्वच्छ होता आणि प्रवाळ उघडलं होतं. जांभळं, मध्ये हिरवा ठिपका. मी ओरडून बायकोला बोलावलं. ती हात पुसत आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "आता खरा दाखवा."

मला एकदम लाज वाटली. ही टाकी तुझ्यासाठी, असं मी गावभर सांगत फिरलो होतो. तिने ती कधी मागितलीच नव्हती. आणि एवढी लाज वाटूनही माझ्या तोंडून काय निघावं?

"पण आठ दिवस टाकी कोण बघणार? पुन्हा हिरवी होईल."

"होते तं होऊ द्या," ती म्हणाली. "मी पंचवीस वर्सं थांबली. टाकी आठ दिवस थांबन."

मी तोंड उघडलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मला एकही कारण सुचलं नाही.